दोन पंगतींमधली सुंदराबाई

अकोल्यात सुंदराबाईला न ओळखणारा ख्रिस्ती माणूस शोधायचा, तर स्टेशनवर जाऊन नुकताच उतरलेला पाहुणाच धरावा लागेल. ही बाई दोन्हीकडची. रविवारी सकाळी कॅथलिकांच्या मिस्साला, आणि तिथून चपला फटकारत थेट प्रोटेस्टंटांच्या उपासनेला. तिकडं रोमन, इकडं मिशनवाले. दोन्ही देवळं तशी जवळ, पण एकाच रविवारी दोन्हीकडं बसणारं माणूस हे एकच. लोक थट्टा करायचे, सुंदराबाईजवळ स्वर्गाच्या दोन गाड्यांची तिकिटं आहेत, एक चुकली तर दुसरी. त्यावर ती म्हणायची, "दोनी वेटिंगवर हायेत बाप्पा. मले माहीत हाय."

आणि ते अगदी खरं होतं. ख्रिस्ती माणसाच्या देवळात शेवटी सगळं येऊन थांबतं ते एका घासापाशी. कॅथलिकांकडं मिस्सात फादर पांढरी पातळ चकती देतात, तो ख्रिस्तप्रसाद. प्रोटेस्टंटांकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी पावाचा तुकडा आणि अंगठ्याएवढ्या पेल्यात द्राक्षांचा रस, ते प्रभुभोजन. सुंदराबाई दोन्ही पंगतींना हजर आणि दोन्हीकडं उपाशी. लग्न झाल्यापासून हे असं चाललेलं, म्हणजे चाळीस वर्षांच्या वर.

कॅथलिक देवळात ती बाकाच्या टोकाला बसायची. प्रसादाची वेळ झाली की सगळा बाक उठे. सुंदराबाई गुडघे आत ओढून घेई आणि लोकांना वाट करून देई. शेजारच्या बाया जायच्या, हात जोडून परत यायच्या, पुन्हा ती गुडघे आत घेई. नवीन आलेल्या एखादीला वाटायचं, म्हातारीला संधिवात असेल. जुन्या बायांना ठाऊक होतं. त्या जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवायच्या. तो हात तिला मुळीच आवडत नसे.

प्रोटेस्टंटांकडं तर आणखीच गंमत. ती मिशनच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती, म्हणून प्रभुभोजनाचा रस करायचं काम तिच्याकडं आलं ते कायमचं. आदल्या शनिवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, उकळायच्या, फडक्यातून पिळून घ्यायच्या, साखर घालायची आणि चमच्यानं चाखून पाहायची. चाखायला तिची ना नव्हती. आशीर्वाद उद्याचा, आज तो नुसता मनुकांचा रस. आजच्या रसावर पोपचाही हक्क नाही आणि पास्टरचाही नाही, असं तिचं शास्त्र. रविवारी मात्र सगळी मंडळी पेले तोंडाला लावे तेव्हा ही मागच्या भिंतीशी हाताची घडी घालून उभी. मग उष्टे पेले गोळा करून धुवायला बसायची. एकदा पास्टरच्या बायकोनं विचारलं, "सुंदराबाई, तुमच्या हातचं सगळे पितात, तुम्ही का नाही घेत? आमच्याकडं कोणी अडवत नाही."

"आपल्या घरी उपाशी ऱ्हायचं अन् शेजाऱ्याच्या घरी पोटभर जेवाचं, हे मले नाई जमत," सुंदराबाई म्हणाली आणि पेले विसळत राहिली.

आता हे असं झालं कशामुळं? एका बापाच्या घाईमुळं आणि एका नवऱ्याच्या हट्टामुळं. बापाचं आधी सांगतो.

सुंदराबाईचे वडील किसनराव नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडच्या एका लहानशा गावातले. तिथं कॅथलिकांची मोजकी घरं. फादर अमरावतीहून फटफटीवर यायचे, तेही महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. मूळचे केरळचे, पण मराठी बोलायचे आणि भाकरीवर ठेचा खायचे. पोरगी लग्नाची झाली, आणि अकोल्याचं स्थळ चालून आलं. मुलगा सूर्यभान, दालमिलमध्ये मशीनवर, दारूचा थेंब नाही, पगार घरात. एकच गोष्ट आडवी येत होती, मुलगा प्रोटेस्टंट. किसनरावांनी फादरांची फटफटी अडवून विचारलं, "फादर, पोरगी मिशनवाल्यांत देऊन राहिलो. चालते ना?"

फादर म्हणाले, "बिशपसाहेबांना विचारतो, मग सांगतो."

किसनराव घरी आले आणि बायकोला म्हणाले, "फादरले इचारलं हाय." झालं. आपल्याकडं मोठ्या माणसाला विचारलं म्हणजे परवानगी मिळालीच. नाही म्हणायचं असतं तर तिथंच नाही म्हटलं असतं ना, असा सरळ हिशोब. बिशपसाहेब काय करतील, कागद कधी येईल, याचा विचार कोण करतो? मुलाकडच्यांना घाई होती, इकडं मांडवाची तयारी होती. अकोल्यात पास्टरसमोर लग्न लागलं, जेवणावळ उठली, पोरगी सासरी गेली. आणि त्यानंतर फादर कागद घेऊन आले. होकारच होता! बिशपसाहेबांनी काही आढेवेढे घेतले नव्हते. फक्त त्या होकारात लिहिलं होतं, लग्न फादरांसमोर लागावं. वरातीमागून घोडं म्हणतात ते याला. बरं, घोडं आलं तेही खोगीर घालून.

फादर बिचारे तडक अकोल्याला गेले. सूर्यभाननं खुर्ची दिली, सुंदराबाईनं चहा ठेवला. फादर म्हणाले, "काळजीचं काही नाही. पाच मिनिटांचं काम. दोन साक्षीदार आणा, माझ्यासमोर उभे राहा, तुम्ही हो म्हणा, ती हो म्हणेल. झालं."

"कायले हो म्हनाचं?" सूर्यभाननं विचारलं.

"लग्नाला."

"लगन तं झालं."

"चर्चच्या दृष्टीनं झालेलं नाही."

"अन् देवाच्या?"

फादर काही कच्चे नव्हते. म्हणाले, "देवानं बांधायचं-सोडायचं काम चर्चवर सोपवलं आहे, सूर्यभान."

"मी पुस्तकाले मानतो फादर. माणसाले नाही."

"मग मला सांगा, तुमच्या पुस्तकात कोणती पानं ठेवायची आणि कोणती नाही, हे कोणी ठरवलं? चर्चनंच ना? पुस्तक तुमच्या हातात दिलं कोणी?"

सूर्यभाननं बशीतला चहा फुंकला. "पोस्टमन घरी पत्र आणून देते. म्हून पत्र काय पोस्टमनचं होते काय?"

फादर हसले. "पण पोस्टमनवर भरवसा नसेल तर पत्र खरं कशावरून?"

अशी दोघांची तासभर जुंपली. दोघंही चांगली माणसं, दोघंही पक्की, आणि चहा मात्र एकाच पातेल्यातला. सुंदराबाई चौकटीला टेकून ऐकत होती. तिला त्यातलं निम्मं कळलं, पण शेवटचं मात्र पक्कं कळलं. सूर्यभान म्हणाला, "आपलं हो ते हो असावं, नाही ते नाही, असं प्रभूनं सांगितलं हाय. मी एकदा हो म्हटलं. आता दुसऱ्यांदा म्हटलं तं पयलं खोटं झालं. मंग इतके दिवस माह्या घरात ही कोण होती?"

फादर चहा संपवून उठले. जाताना दारात सुंदराबाईला हळूच म्हणाले, "पोरी, याला समजाव. तोवर मिस्साला ये, पण प्रसाद घेता येणार नाही."

पुढचे काही दिवस सूर्यभानच्या वरणात मीठ नव्हतं. तो मुकाट्यानं जेवला. मीठ मागितलं असतं तर भांडण मिटलं असतं, पण तोही बेरकी.

सूर्यभान वाईट माणूस होता का? छे! वाईट असता तर सुंदराबाईनं त्याला कधीच वाकवलं असतं. दर रविवारी तोच तिला सायकलवर मिस्साला सोडायचा, बाहेर कडुनिंबाखाली सायकल लावून बायबल वाचत बसायचा, आणि मिस्सा सुटली की दोघं मिळून त्याच्या देवळात. आत मात्र पाऊल टाकत नसे. "तुमच्या पुतळ्यायले मी काय बोलू?" म्हणायचा. रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी तो एक अध्याय मोठ्यानं वाचायचा. सुंदराबाई चौथी शिकलेली, पण ऐकून ऐकून तिचं बायबल सूर्यभानइतकंच पक्कं झालं. फक्त तिनं ते पोळ्या लाटताना ऐकलेलं, त्यामुळं भांडणात वापरायला ते तिच्या हाताशी असायचं.

भांडणं तर रोजचीच. तो म्हणायचा, "तुमचा एक माणूस रोममधी बसते अन् अकोल्यातल्या बाईनं काय खावं ते ठरवते!" ती म्हणायची, "आमचा एकच पोप हाय. तुमच्या कमिटीत तं जितकी डोस्की तितके पोप. परवा माइकच्या चाबीवरून मारामारी व्हायची बाकी होती." हे खरं असल्यामुळं सूर्यभान बायबलची पानं उलटत बसायचा. मग थोड्या वेळानं उगाच खोडी काढायचा, "काय लागते वो त्या तुमच्या चकतीत? गोड रायते का खारी?"

"इसरली मी. तुमच्याच पायी इसरली."

हे ती हसत म्हणायची, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. लहानपणी पहिल्यांदा प्रसाद घेतला तेव्हा आई पार्बताबाईनं तिला पांढरा फ्रॉक शिवला होता आणि डोक्यावर मोगऱ्याचा गजरा बांधला होता, एवढं तिला आठवायचं. चव खरंच आठवेना. आणि ती आठवेना याचा तिला राग यायचा, नवऱ्याचा, फादरांचा, बापाचा, सगळ्यांचा. मुलगा धर्मेंद्र झाला, तो सूर्यभानच्या देवळात वाढला. तिनं हरकत घेतली नाही. म्हणाली, "एक तरी कोन्या पंगतीत बसू दे."

मग एका रविवारी तिला सापडलं. मिस्सात फादरांनी जो भाग वाचला त्यात मेलेल्यांतून उठलेला प्रभू आपल्या शिष्याला, पेत्राला, विचारतो, तू माझ्यावर प्रेम करतोस का? एकदा विचारतो, दोनदा विचारतो, तीनदा विचारतो. आणि पेत्र तीनदा हो म्हणतो. सुंदराबाई बाकावर ताठ झाली. हा भाग सूर्यभाननं घरी कितीदा तरी वाचला होता, पण तेव्हा पोळी करपत असेल, तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मिस्सा सुटेपर्यंत तिला दम निघेना. बाहेर येऊन कडुनिंबाखाली उभी राहिली आणि म्हणाली, "काहो, तुमच्या पुस्तकात पेत्रानं किती वेळा हो म्हटलं?"

"कोणत्या पेत्रानं? कवा?"

"उलटा पानं. योहानाच्या शेवटी हाय."

सूर्यभाननं पानं उलटली, वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"तीनदा म्हटलं ना? मंग पयलं खोटं झालं काय त्याचं? प्रभूनंच तीनदा इचारलं. अन् तुमाले दोनदा म्हनाले जीभ झिजते!"

सूर्यभाननं पुस्तक मिटलं. तिला सायकलवर बसवून पायडल मारत राहिला. उपासनेत त्याचं लक्ष नव्हतं. संध्याकाळी अध्याय वाचला नाही. सुंदराबाईच्या मनात लाडू फुटत होते. तिनं साक्षीदारसुद्धा ठरवून टाकले, शेजारची माणिकबाई आणि तिचा नवरा. लुगडं कोणतं नेसायचं हेही ठरलं.

सकाळी चहाला बसल्यावर सूर्यभान म्हणाला, "तुहं बरोबर हाय. तीनदा हो म्हटलं त्यानं. पण काहून?"

"काहून म्हंजे?"

"आधी तीनदा नाही म्हटलं होतं त्यानं. प्रभूले धरून नेलं त्या राती, कोंबडा आरवाच्या आत. मी याले ओळखत नाही, ओळखत नाही, ओळखत नाही. म्हून त्याले तीनदा हो म्हनावं लागलं." त्यानं कप खाली ठेवला. "मी तुले कवा नाही म्हटलं?"

आता सांगा, असं म्हणणाऱ्या माणसाशी बाईनं भांडायचं कसं? सुंदराबाई चुलीकडं तोंड करून बसली. तिला रडू येत होतं, आणि ते रागाचं होतं की दुसऱ्या कशाचं हे तिचं तिलाच उमगेना. उभ्या आयुष्यात कुणी तिला एवढं चांगलं बोललं नव्हतं, आणि त्या चांगल्या बोलण्यानंच तिचा घास कायमचा तोडला होता. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. अकोल्याच्या देवळातले फादर बदलून गेले, दुसरे आले, तिसरे आले. प्रत्येक नवा फादर विचारायचा, बाई, तुम्ही पुढं का येत नाही? ती सांगायची. प्रत्येक जण म्हणायचा, अहो, पाच मिनिटांचं काम! ती म्हणायची, हो ना. आणि रविवारी गुडघे आत ओढून घ्यायची.

सूर्यभान गेला तो फार त्रास न देता. साखर होती, हृदय थकलेलं होतं, दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. मातीला सगळी मंडळी आली. पास्टरनी मागं राहिलेल्यांसाठी प्रार्थना केली. गेलेल्यासाठी प्रार्थना करायला त्यांच्या मते शास्त्राचा आधार नाही. सुंदराबाईनं पदराआड जपमाळ धरली होती आणि ओठ हलत होते. पास्टरनी ते पाहिलं आणि दुसरीकडं बघितलं. पुष्कळ वर्षं तिच्या हातचा रस प्यायलेला माणूस, तो आणखी काय करणार?

धर्मेंद्र पुण्याला नोकरीला होता. त्यानं आईला घेऊन जायचा हट्ट धरला, पण ती गेली नाही. त्याची पोरगी प्रणाली मात्र अकोल्यात कॉलेजला होती, ती आजीजवळ राहायला आली. त्याच दिवसांत कॅथलिक देवळातले फादर कुलदीप भेटायला आले. हे शेंदूरजनाघाटचे, वयानं तरुण, नुकतीच बदली होऊन आलेले. बरोबर संत्र्यांची पिशवी आणली होती. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि फादर म्हणाले, "आजी, एक सांगायचं होतं. तुमची जी अडचण होती, ती आता राहिली नाही. कन्फेशनला या, पापं सांगून मोकळ्या व्हा, आणि रविवारी प्रसाद घ्या."

सुंदराबाईला क्षणभर कळलंच नाही. "कोनती अडचण?"

"म्हणजे... ते लग्नाचं."

तिनं भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं. हार अजून ताजा होता. "माणसाले अडचण म्हणता फादर?"

फादर कुलदीप कानापर्यंत लाल झाले. चांगला पोरगा होता, त्याला तसं म्हणायचं नव्हतं. पण नियम तोच सांगत होता. नवरा होता तोवर दार बंद, नवरा गेला की दार उघडं. फादर गेल्यावर सुंदराबाई बराच वेळ संत्री सोलत बसली आणि एकही खाल्लं नाही. मग प्रणालीला म्हणाली, "चाळीस वर्सं मांगत होती मी. अन् भेटलं कवा, तं हे मेल्यावर. असं कोनी देते काय?"

तरी पण शनिवारी ती कन्फेशनला गेली. जाणारच. भूक ती भूक. आतलं बोलणं बाहेर कसं आलं म्हणाल, तर फादरांकडून नाही, फादरांच्या तोंडाला कुलूप असतं. सुंदराबाईनंच ते प्रणालीला सांगितलं, आणि प्रणालीच्या पोटात काय राहतं?

पलीकडं फादर बसलेल्या जाळीपुढं बाईनं गुडघे टेकले आणि पापं सांगितली. नणंदेला शिव्या दिल्या. माणिकबाईच्या नव्या फ्रिजचा हेवा केला. मिशनच्या मनुका भिजवताना मूठमूठ खाल्ल्या, अनेकदा. नवऱ्याच्या वरणात मुद्दाम मीठ घातलं नाही. फादर ऐकत होते. मग हलक्या आवाजात म्हणाले, "आणि चर्चच्या लग्नाशिवाय संसार केला, त्याचा पश्चात्ताप आहे ना, आजी?"

जाळीच्या अलीकडं सुंदराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आजी? नुसतं हो म्हणा."

"नाही," सुंदराबाई म्हणाली. "तेवढं म्हननार नाही मी. मनुका खाल्ल्या त्याचा पस्तावा हाय. मिठाचा तं लई हाय. याचा नाही. त्यानं मले कवा नाही म्हटलं नाही फादर, अन् तो मातीत गेल्यावर मी त्याले नाही म्हनू?"

फादर खुर्चीत सावरून बसले. मग म्हणाले, "तुमची परवानगी असेल तर, तुमचं नाव न घेता, बिशपसाहेबांना विचारतो. मग सांगतो."

आणि सुंदराबाई त्या जाळीला डोकं टेकून हसायला लागली. बाहेर रांगेत बसलेल्या बायांना हसू ऐकू आलं आणि त्यांना वाटलं, म्हातारी दुःखानं भ्रमली. फादरांनाही काही कळेना. त्यांना कुठून कळणार? हेच वाक्य किसनरावांनी फटफटीपाशी उभं राहून ऐकलं होतं, तेव्हा हा पोरगा जन्मलाही नव्हता.

या वेळी उत्तर लवकर आलं. फादर स्वतः घरी आले. म्हणाले, "आजी, ज्या माणसानं एखादी गोष्ट पाप समजून केलीच नाही, त्याच्याकडून तिचा पश्चात्ताप मागायचा नसतो. मीच चुकलो. बाकीच्या पापांची माफी मी देतो, आणि तुम्ही खुशाल या." तिथंच, पंख्याखाली बसून, त्यांनी तिच्यावर हात धरून माफीची प्रार्थना म्हटली.

मग उठता उठता पुन्हा बसले. हा पोरगा खोटं बोलू शकत नव्हता, तोच त्याचा दोष. "आणखी एक आहे. सांगावं की नाही कळत नव्हतं. नवरा दुसऱ्यांदा हो म्हणायला तयार नसला, पण पहिलं हो मनापासूनचं असलं, तर बिशप ते पहिलंच हो मान्य करू शकतात. पुन्हा उभं राहायची गरज नाही. एका अर्जाचं काम. ही सोय तेव्हाही होती."

"तवाही होती?"

"हो."

"मंग इतके फादर आले. कोनी सांगितलं काहून नाही?"

फादर कुलदीप खाली बघत म्हणाले, "कोणी विचारलं नसेल."

सुंदराबाईनं त्यांना चहा दिला, दारापर्यंत पोचवलं, आणि आत येऊन जी भडकली! मनुकांचं पातेलं तिनं मोरीत आदळलं. "एका अर्जाचं काम! हा इकडं पुस्तक धरून बसला, ते तिकडं नियम धरून बसले. अन् दोघायच्या पुस्तकात एकच लिवलं होतं, का सूर्यभानचं एक हो पुरते! अन् वाचून दाखवाले कोनाले सवड नव्हती!" प्रणाली घाबरून बाजूला उभी. असा राग तिनं आजीचा पाहिला नव्हता. मग आजी मोरीच्या कट्ट्यावर बसली आणि रडली, आणि या खेपेला रडू कशाचं आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं.

त्यानंतर कितीतरी रविवार ती मिस्साला गेली आणि गुडघे आत ओढून बसली. फादर प्रसाद देताना तिच्याकडं बघायचे, ती छताकडं बघायची. दार उघडं होतं पण बाई रुसली होती, आणि रुसवा कोणावर काढायचा तर देवाशिवाय हातात कोणी उरलं नव्हतं. पहिल्या रविवारचा रस मात्र तिनं चुकवला नाही. पातेल्याला पोचा आला होता, तेवढंच.

मग एका शनिवारी रस चाखताना ती प्रणालीला म्हणाली, "उद्या येतं काय माह्यासंगं? सकाळच्याले."

"मिस्साला? मी तर आपल्या चर्चची, आजी."

"बाहेर बसजो कडुनिंबाखाली. तुहा आजा बसे."

पण प्रणाली बाहेर बसली नाही. आजीच्या मागं आत गेली आणि बाकावर तिच्याशेजारी बसली. या वेळी आजी आतल्या अंगाला आणि नात टोकाला. प्रसादाची वेळ झाली, सगळा बाक उठला. सुंदराबाई उठली. प्रणालीनं गुडघे आत ओढून घेतले आणि आजीला वाट दिली.

ती रांगेत उभी राहिली, तिची पाळी आली, फादर कुलदीपांनी चकती हातात न देता जिभेवर ठेवली, जुन्या पद्धतीनं, कारण तिनं तोंडच उघडून ठेवलं होतं. ती परत आली, प्रणालीनं पुन्हा गुडघे आत घेतले. सुंदराबाई डोळे मिटून बसली. बऱ्याच वेळानं तिचा जबडा सैल झाला तसं प्रणालीनं कानाशी तोंड नेलं.

"आजी, काय लागते गं? गोड का खारी?"

सुंदराबाईनं डोळे उघडले आणि दाराबाहेर कडुनिंबाकडं पाहिलं.

"कायच नाही लागत," ती म्हणाली. "कायच नाही. त्याले सांगाचं राह्यलं."